जोसेफ प्रीस्टली : सोड्याचे बुडबुडे आणि एक अडखळत बोलणारा शिक्षक



मार्च संपत आला की आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात (बोलताना आपण अजूनही नगरच म्हणतो) ऊन कसे तापते हे तुम्हाला सांगायला नको. सकाळची शाळा सुरू होते आणि मुलांच्या गप्पांत बर्फाचा गोळा, उसाचा रस आणि गोटी सोडा येऊ लागतो. मढीच्या यात्रेला जाऊन आलेली मुले तर सोड्याच्या बाटलीचा आवाज तोंडाने काढून दाखवतात. गेल्या वर्षी अशाच एका सकाळी पाचवीतल्या एका मुलीने मला विचारले, की सोड्यातले बुडबुडे येतात कुठून? मी सांगून टाकले की कारखान्यात पाण्यात वायू भरतात. तिचे काही समाधान झाले नाही. कारखाने नव्हते तेव्हा पहिल्यांदा कुणी भरला, आणि घरी करता येईल का, हे तिचे पुढचे दोन प्रश्न. खरे सांगते, मला दोन्हींचे उत्तर येत नव्हते. उद्या सांगते म्हणाले आणि घरी येऊन शोधायला बसले.

शोधता शोधता दोन गोष्टी हाती लागल्या. पहिली ही, की आले, साखर, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट एवढ्यावर घरच्या घरी फसफसणारे पेय तयार होते. इंग्रजीत त्याला जिंजर एल म्हणतात, आपण त्याला आल्याचा सोडा म्हणू. दुसरी गोष्ट अशी, की पाण्यात हे बुडबुडे पकडण्याची सोपी रीत ज्याने जगाला लिहून दिली तो माणूस शाळामास्तर होता आणि बोलताना अडखळायचा. हे वाचले आणि मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. कारण माझ्या वर्गातही असा एक मुलगा आहे. त्याच्याशी मी कशी वागत आले होते ते मला आठवले. त्याचे शेवटी सांगते. आधी या मास्तरांची ओळख करून घेऊ.

थोडक्यात ओळख

नाव : जोसेफ प्रीस्टली
जन्म : १३ मार्च १७३३ (तेव्हाच्या जुन्या इंग्रजी दिनदर्शिकेप्रमाणे)
जन्मगाव : इंग्लंडमधील लीड्स शहराजवळचे बर्स्टॉल
काम : शिक्षक, धर्मोपदेशक, लेखक, वैज्ञानिक
विशेष : सोडा वॉटर बनवण्याची पद्धत, ऑक्सिजनचा शोध
मृत्यू : ६ फेब्रुवारी १८०४, नॉर्दम्बरलँड, पेनसिल्व्हेनिया, अमेरिका

बालपण

जोसेफचे वडील लोकरी कापडावर शेवटचा हात फिरवून ते विक्रीसाठी तयार करण्याचे काम करत. सहा भावंडांत जोसेफ सर्वांत मोठा. घर लहान आणि पाळणा हलत राहिलेला, म्हणून अगदी तान्हा असताना त्याला आजोळी ठेवले. तो सहा-सात वर्षांचा असताना आई गेली. पुढे मूलबाळ नसलेल्या आत्याने त्याला आपल्या घरी नेले आणि तिथेच तो वाढला. आत्याचे घर खाऊनपिऊन सुखी होते. आत्याला वाटे पोराने शिकून धर्मोपदेशक व्हावे.

पोरगा हुशार होता. लॅटिन, ग्रीक, हिब्रू या भाषा त्याने लहानपणीच शिकून घेतल्या. पण सोळा-सतरा वर्षांचा असताना तो इतका आजारी पडला, की आता हा वाचत नाही असे घरच्यांना वाटले. त्यातून तो उठला. मात्र बोलताना अडखळणे त्याच्या वाट्याला आले ते कायमचे. ज्याने रोज लोकांसमोर उभे राहून बोलायचे, त्याचीच जीभ अडू लागली. विचार करा, त्या वयाच्या मुलाला काय वाटले असेल!

शाळा बंद होती तरी शिकणे थांबले नाही. घरी बसून त्याने फ्रेंच, इटालियन, जर्मन आणि अरबीचाही अभ्यास केला. बरे वाटल्यावर १७५२ मध्ये तो डॅव्हेंट्री येथील विद्यालयात दाखल झाला. ऑक्सफर्ड, केंब्रिजची दारे त्याला बंद होती, कारण त्याचे घराणे इंग्लंडच्या राजमान्य चर्चला न मानणारे होते. अशा घरांतल्या मुलांसाठी वेगळी विद्यालये असत. गंमत अशी, की तिथे चर्चेला आणि प्रश्न विचारायला जास्त मोकळीक होती. प्रीस्टलींची सगळे तपासून बघण्याची सवय तिथे पक्की झाली.

पहिली नोकरी आणि पहिले अपयश

१७५५ मध्ये नीडम मार्केट नावाच्या छोट्या गावात त्यांना धर्मोपदेशकाची जागा मिळाली. त्यांची मते गावाला पटेनात, त्यात बोलणे अडखळत. प्रवचनाला येणारी माणसे कमी होत गेली. पगार ठरला होता त्याहून कमी हाती पडे. त्यांनी शाळा काढायचे ठरवले, तर पालकांनी मुलेच पाठवली नाहीत. आत्याच्या पैशांनी लंडनला जाऊन बोलण्यावर उपचार घेतले, त्याचा गुण टिकला नाही.

आपल्यातल्या किती जणांना पहिल्या नेमणुकीचे दिवस आठवतात? अनोळखी गाव, कमी पगार, आणि आपल्याला हे जमणार नाही असे रोज रात्री वाटणे. माझे पहिले सहा महिने असेच गेले होते. म्हणून हा भाग मी दोनदा वाचला.

शिक्षक प्रीस्टली

१७५८ मध्ये ते नँटविच या गावी गेले आणि तिथे मात्र त्यांची शाळा चालली. तीसेक मुले होती आणि वेगळ्या खोलीत थोड्या मुलीही शिकायच्या. शाळा सकाळी सातला भरायची आणि दुपारी चारला सुटायची, मध्ये जेवणाची एक तास सुट्टी. त्यानंतर पुन्हा शिकवण्या.

या शाळेतल्या दोन गोष्टी आपण शिक्षकांनी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. पहिली, थोडेफार पैसे साठले तेव्हा या माणसाने शाळेसाठी हवा काढून घेणारा पंप आणि वीज निर्माण करणारे यंत्र विकत घेतले. ही यंत्रे कपाटात ठेवली नाहीत. वरच्या वर्गातल्या मुलांना ती हाताळायला शिकवले आणि पालक, पाहुणे आले की प्रयोग मुलेच करून दाखवत. आपण आज ज्याला कृतियुक्त अध्ययन म्हणतो ते हे अडीचशे वर्षांपूर्वीचे.

दुसरी गोष्ट त्यांच्या अडखळण्याची. ते इतके वाढले होते की प्रवचन सोडून द्यावे असे त्यांच्या मनात आले. मग त्यांनी रोज मोठ्याने आणि अगदी सावकाश वाचायचा परिपाठ ठेवला. त्याने अडखळणे गेले नाही, पण बरेच आटोक्यात आले. शिकवणे त्यांनी सोडले नाही.

१७६१ मध्ये वॉरिंग्टन येथील विद्यालयात ते भाषा शिकवू लागले. त्याच वर्षी त्यांचे इंग्रजी व्याकरणाचे पुस्तक आले. १७६२ मध्ये मेरी विल्किन्सन यांच्याशी लग्न झाले. इतिहास शिकवताना मुलांच्या डोक्यात सनावळ्यांचा गोंधळ होतो हे त्यांनी पाहिले होते. म्हणून १७६५ मध्ये त्यांनी एक मोठा तक्ता छापला. त्यात सुमारे दोन हजार नामवंत माणसांची आयुष्ये आडव्या रेघांनी दाखवली होती. कोण कुणाच्या काळात होते हे एका नजरेत कळावे, हा हेतू. आपण फळ्यावर कालरेषा काढतो ना, ती लोकप्रिय करण्यात या तक्त्याचा मोठा वाटा आहे. आणि हो, शिशाच्या पेन्सिलीची रेघ एका झाडाच्या वाळलेल्या चिकाने छान पुसता येते, असे १७७० च्या एका पुस्तकात प्रीस्टलींनी नोंदवून ठेवले आहे. म्हणजे आपल्या खोडरबराच्या इतिहासातही ते आहेतच!

लंडनमध्ये त्यांची बेंजामिन फ्रँकलिन यांच्याशी ओळख झाली. फ्रँकलिन यांनी प्रोत्साहन दिले आणि प्रीस्टलींनी विजेच्या इतिहासावर मोठा ग्रंथ लिहिला. तो १७६७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या आदल्या वर्षी ते रॉयल सोसायटीचे सदस्य झाले होते.

शेजारचा कारखाना

आता येतो आपल्या बुडबुड्यांकडे.

१७६७ मध्ये प्रीस्टली लीड्सला धर्मोपदेशक म्हणून गेले. राहायला जे घर मिळाले त्याच्या शेजारी बिअर बनवण्याचा कारखाना होता. मोठमोठ्या उघड्या पिंपांत भिजवलेल्या सातूचे पाणी आंबत ठेवलेले असे. दुसरा कुणी असता तर वासाने नाक दाबून घर बदलले असते. हे गृहस्थ पिंपांत वाकून बघू लागले.

त्यांना काय दिसले? पिंपातल्या द्रवाच्या वर वीतभर-हातभर जागेत एक न दिसणारा थर आहे. जळती काडी तिथे नेली की विझते. विझलेल्या काडीचा धूर वर न जाता त्याच थरात अडकतो आणि पिंपाच्या काठावरून पाण्यासारखा खाली ओघळतो. म्हणजे हा वायू हवेपेक्षा जड आहे. त्या काळी याला स्थिर हवा म्हणत. जोसेफ ब्लॅक या शास्त्रज्ञाने तो आधीच ओळखला होता. आज आपण त्याला कार्बन डायऑक्साइड म्हणतो.

इथे आपल्या मुलांना विहिरीची आठवण जरूर करून द्या. जुनी माणसे बंद पडलेल्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडून बघायची. कंदील विझला तर कुणी उतरायचे नाही. कारण हाच. खोल जागेत हा जड वायू साठतो आणि माणूस गुदमरतो. ही गोष्ट शेतकऱ्यांच्या मुलांना पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर कळते, आणि एखाद्या दिवशी कुणाचा जीवही वाचवेल.

मग प्रीस्टलींनी साधीच युक्ती केली. दोन भांडी घेतली, एकात पाणी. ती पिंपाच्या त्या थरात धरली आणि पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहिले. काही मिनिटांत पाण्याला एक चुरचुरीत, आंबूसपणाकडे झुकणारी चव आली. काही खनिज झऱ्यांच्या पाण्याला अशी चव असते आणि ते पाणी औषधी म्हणून श्रीमंत लोक दूरवरून प्यायला जात. शेजारच्या कारखान्यात तेच पाणी फुकट तयार झाले होते!

पुढे घर बदलले, कारखाना लांब गेला. मग त्यांनी खडूच्या भुकटीवर आम्ल टाकून तोच वायू तयार केला आणि पाण्यात मिसळला. १७७२ मध्ये ही सगळी कृती त्यांनी एका छोट्या पुस्तिकेत छापून टाकली. कुठली भांडी घ्यायची, काय आधी आणि काय नंतर, सगळे उघड. पेटंट घेतले नाही, कृती लपवून ठेवली नाही. १७७३ मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले.

त्यांना वाटत होते की या पाण्याने खलाशांचा स्कर्व्ही हा रोग बरा होईल. तो अंदाज चुकला. स्कर्व्ही होतो क जीवनसत्त्वाच्या अभावाने आणि त्यावर उपाय लिंबू-संत्र्यात आहे, बुडबुड्यांत नाही. पण पाणी लोकांना आवडले. १७८३ मध्ये जिनिव्हात याकोब श्वेप यांनी सोडा वॉटरचा धंदा सुरू केला आणि तो पुढे जगभर गेला. १८७० च्या दशकात हायरम कॉड यांची गोटीची बाटली आली. आतल्या वायूचा दाबच गोटीला वर दाबून धरतो आणि बाटली बंद राहते. हीच बाटली इंग्रजांबरोबर आपल्याकडे आली आणि आपल्या यात्रा-बाजारांत अजून टिकून आहे. मुंबईत १८८९ मध्ये ड्यूक्स सुरू झाली. तिची मँगोला आपल्या आई-वडिलांच्या पिढीला नक्की आठवत असेल. या सगळ्या व्यापारातून प्रीस्टलींना एक पैसाही मिळाला नाही.

पुदिना, उंदीर आणि ऑक्सिजन

हवेचा नाद आता सुटणार नव्हता. १७७१ मध्ये त्यांनी बंद भांड्यात मेणबत्ती विझेपर्यंत जाळली आणि त्या खराब हवेत पुदिन्याची एक फांदी ठेवली. काही दिवसांनी त्याच हवेत मेणबत्ती पुन्हा पेटली. उंदीरही तिथे जगला. झाडे हवा पुन्हा चांगली करतात हे त्यातून दिसले. परिसर अभ्यासात आपण जे एका वाक्यात शिकवतो, त्याच्या मागे ही पुदिन्याची फांदी आहे.

१७७३ पासून ते लॉर्ड शेल्बर्न यांच्याकडे ग्रंथपाल म्हणून आणि मुलांच्या शिक्षणासाठी राहिले. तिथे १ ऑगस्ट १७७४ रोजी त्यांनी मोठ्या भिंगाने सूर्याची किरणे पाऱ्याच्या लाल भस्मावर पाडली. जो वायू निघाला त्यात मेणबत्ती विलक्षण तेजाने जळू लागली. हाच ऑक्सिजन. स्वीडनच्या शेले यांनी तो आधी मिळवला होता, पण त्यांचे लेखन उशिरा छापले गेले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये जेवणाच्या टेबलावर प्रीस्टलींनी हा प्रयोग लॅव्हाझिए यांना मोकळेपणाने सांगितला. लॅव्हाझिए यांनी त्याचा खरा अर्थ लावला आणि ऑक्सिजन हे नावही त्यांनीच दिले.

इथे एक गोष्ट मुलांपासून लपवू नका. प्रीस्टलींना त्यांच्या स्वतःच्या शोधाचा अर्थ शेवटपर्यंत पटला नाही. जळताना वस्तूतून फ्लॉजिस्टॉन नावाचा पदार्थ बाहेर पडतो, हा जुना समज त्यांनी मरेपर्यंत सोडला नाही. निरीक्षण अचूक, निष्कर्ष चुकीचा. मोठी माणसेही चुकतात आणि तरीही त्यांचे काम मोठे राहते, हे मुलांना कळले तर चुकीचे उत्तर द्यायची त्यांची भीती थोडी कमी होईल.

जळालेले घर

१७८० पासून ते बर्मिंगहॅमला होते. जेम्स वॉट, इरॅस्मस डार्विन अशा मंडळींच्या लूनर सोसायटीत त्यांची ऊठबस होती. हे त्यांचे सुखाचे दिवस. पण धर्म आणि राज्यकारभार यांबद्दलची त्यांची मते उघड होती. फ्रेंच राज्यक्रांतीला त्यांचा पाठिंबा होता. १४ जुलै १७९१ रोजी बर्मिंगहॅममध्ये दंगल उसळली. क्रांतीच्या स्मरणार्थ जे भोजन झाले त्याला प्रीस्टली गेलेही नव्हते, तरी जमाव त्यांच्या घरावर चालून गेला. ते आणि मेरी कसेबसे निसटले. घर, प्रयोगशाळा, पुस्तके, वर्षानुवर्षांची हस्तलिखिते सगळे नष्ट झाले.

थोडी वर्षे लंडनजवळ काढून १७९४ मध्ये, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, ते अमेरिकेला निघाले. जहाज समुद्रात असतानाच इकडे पॅरिसमध्ये लॅव्हाझिए यांना गिलोटिनखाली मारण्यात आले. हवेचे कोडे सोडवणाऱ्या दोघांची त्या वर्षी ही गत झाली.

पेनसिल्व्हेनियातल्या नॉर्दम्बरलँड या गावी त्यांनी घर बांधले. १७९५ मध्ये धाकटा मुलगा हेन्री गेला, १७९६ मध्ये मेरी गेल्या. मोठ्या विद्यापीठाने प्राध्यापकाची जागा देऊ केली ती त्यांनी घेतली नाही. गावातच प्रयोग चालू ठेवले. ६ फेब्रुवारी १८०४ रोजी त्यांचे निधन झाले. ऑक्सिजनच्या शोधाला शंभर वर्षे झाली तेव्हा, १८७४ मध्ये, अमेरिकेतले रसायनशास्त्रज्ञ त्याच गावी जमले. त्या मेळाव्यातूनच पुढे तिथली रसायनशास्त्रज्ञांची राष्ट्रीय संस्था उभी राहिली. तिचे सर्वोच्च पदक आज प्रीस्टलींच्या नावाने दिले जाते.

आता घरी आल्याचा सोडा करून बघू

पिंपात जे घडत होते तेच बाटलीत घडते. यीस्ट हा डोळ्यांना न दिसणारा सजीव. तो साखर खातो, त्यातून कार्बन डायऑक्साइड आणि थोडे अल्कोहोल तयार होते. आपल्या जिल्ह्यात प्रवरानगरपासून कितीतरी साखर कारखाने आहेत. कारखान्यांच्या डिस्टिलरीत उसाची मळी आंबवतात तेव्हाही यीस्ट हेच काम करतो. यीस्ट सजीव आहे हे प्रीस्टलींच्या काळी माहीत नव्हते. किण्वन हे या सजीवाचे काम आहे हे लुई पाश्चर यांनी पुढच्या शतकात सिद्ध केले.

साहित्य : पाणी १ लिटर, साखर १०० ग्रॅम, किसलेले आले २ मोठे चमचे, १ लिंबू, बेकरीत मिळणारे कोरडे यीस्ट २ चिमटी, सोड्याची प्लास्टिकची स्वच्छ बाटली.

कृती :
१. अर्ध्या पाण्यात आले आणि साखर घालून दहा मिनिटे उकळा. गाळून घ्या.
२. उरलेले उकळून गार केलेले पाणी आणि लिंबाचा रस घाला. मिश्रण कोमट झाले की मगच यीस्ट टाका. गरम असेल तर यीस्ट मरतो.
३. बाटलीत भरा. वर चार बोटे जागा सोडा. झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा.
४. दर पाच-सहा तासांनी बाटली दाबून बघा. विकतच्या सोड्याच्या बाटलीसारखी टणक झाली की लगेच फ्रीजमध्ये ठेवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात एक दिवसही पुरतो, थंडीत दोन-तीन दिवस लागतात.
५. गार झाल्यावर झाकण हळूहळू उघडा. चार-पाच दिवसांत संपवा.

पाकिटातला यीस्ट नको असेल तर आल्याच्या सालीवरचा नैसर्गिक यीस्टही चालतो. बरणीत कपभर पाणी घ्यायचे, त्यात रोज एक चमचा सालासकट किसलेले आले आणि एक चमचा साखर घालून ढवळायचे, वर कापड बांधायचे. पाच ते सात दिवसांत बुडबुडे दिसू लागतात. त्यातले पाव कप गाळून वरच्या कृतीत यीस्टऐवजी वापरा.

दोन सूचना मात्र कटाक्षाने पाळा. काचेची बाटली अजिबात वापरू नका. मी पहिल्यांदा सॉसची काचेची बाटली वापरली आणि ओट्यावर विसरले. रात्री दोन वाजता असा आवाज झाला की सासूबाई दचकून उठल्या. काचा पार गॅसच्या शेगडीपर्यंत. स्वयंपाकघरात कुणी नव्हते म्हणून निभावले. दुसरी सूचना, या पेयात थोडेसे अल्कोहोल असतेच, म्हणून ते मुलांना प्यायला देऊ नका. पालकांनाही तसे स्पष्ट सांगा, काही घरांत ते चालणार नाही.

मग वर्गात काय करायचे? बाटलीत कपभर कोमट पाणी, दोन चमचे साखर आणि एक चमचा यीस्ट घालून तोंडाला फुगा बसवा. साधारण अर्ध्या-एक तासात फुगा उभा राहू लागतो. मुलांना प्यायला साधे आले-लिंबाचे सरबत द्या. प्रयोगही झाला, घसाही थंड!

वर्गात विचारायचे प्रश्न
१. विझलेल्या काडीचा धूर पिंपाबाहेर खाली का ओघळला?
२. यीस्ट गरम पाण्यात टाकला तर फुगा का फुगत नाही?
३. गोटी सोड्याची गोटी कोण वर धरून ठेवते?
४. तुमच्या घरात किंवा शेजारी आंबवलेला कुठला पदार्थ होतो? त्यात बुडबुडे दिसतात का?

आणि तो मुलगा

आता राहिलेली गोष्ट. माझ्या वर्गातला तो मुलगा गणितात चांगला आहे, हस्ताक्षर सुंदर आहे. बोलताना मात्र पहिल्या अक्षरावरच अडतो. परिपाठात सुविचार, बातम्या, प्रश्नमंजूषा अशा पाळ्या असतात. त्या यादीतून मी त्याचे नाव काढून टाकले होते. मुले हसतात, त्याला त्रास नको, असे मी स्वतःला समजावले होते. वर्षभर त्यानेही काही म्हटले नाही. मला वाटले, त्याला सोयीचेच आहे.

प्रीस्टली वाचले तेव्हा कळले, की नीडम मार्केटच्या गावकऱ्यांनी जे केले तेच मी करत होते. त्यांनी ऐकायचे सोडले आणि मी बोलायची संधीच काढून घेतली.

पुढच्या पालक सभेत फुग्याचा प्रयोग ठेवला आणि तो त्याच्याकडे दिला. आधी आठवडाभर मधल्या सुट्टीत आम्ही दोघे रोज एक परिच्छेद मोठ्याने, अगदी सावकाश वाचत होतो. वर्गाला आधीच सांगून ठेवले होते, की वाक्य पूर्ण होईपर्यंत कुणी शब्द पुरवायचा नाही. मी सुद्धा नाही. सर्वांत अवघड मलाच गेले. सभेत तो यीस्टच्या य वर अडला. मागच्या बाकावरून एक हसू आले आणि लगेच थांबलेही. त्याने श्वास घेतला, बाटली टेबलावर ठेवली आणि वाक्य पुरे केले. फुगा उभा राहिला तेव्हा त्याची आई मागे भिंतीला टेकून उभी होती. ती काही बोलली नाही, पदराने डोळे पुसले.

तो अजूनही अडखळतो. परिपाठाच्या यादीत आता त्याचे नाव दर दोन आठवड्यांनी येते आणि त्याच्या पाळीला आम्हाला तीन-चार मिनिटे जास्त लागतात. ती आम्ही देतो. अडखळणे फार असेल तर पालकांनी वाचा-उपचार तज्ज्ञांचा सल्ला जरूर घ्यावा, त्यात कमीपणा नाही. पण वर्गात त्याला बोलू द्यायचे की नाही, हे आपल्याच हातात असते.

तुमच्या वर्गाची यादी एकदा काढून बघा. कुणाचे नाव राहिले आहे का?